टिळकांबद्दलचं मत फिरतंय. फोटोचं काय करू?

अथणीचा_ऊसवाला:
आमचं घर कुणब्याचं. आजोबांनी लावलेला लोकमान्यांचा फोटो अजून सोप्यात आहे. दर गणपतीत मंडळात टिळकांवर मीच बोलतो. ‘तेल्यातांबोळ्यांचे पुढारी’ म्हणताना आवाज आपोआप चढतो. यंदा तयारी करताना १९१७ चं आमच्या अथणीतलंच भाषण वाचण्यात आलं. ब्राह्मणेतर मंडळी कायदेमंडळात स्वतंत्र जागा मागत होती, त्यावर टिळकांचा सवाल असा, की कुणब्यांना कौन्सिलात जाऊन काय नांगर हाकायचाय? नांगर म्हणजे आमचाच की हो! वडील म्हणतात, जुनं उकरू नको. तुमच्यापैकी कुणाचं आपल्या दैवताबद्दल मत फिरलंय का? मग काय केलंत?

टिळकवाडीकर:
एका भाषणावरून माणूस निकालात काढता? मंडालेची सहा वर्षं कुणी काढली? १९१६ ला होमरूल लीग याच बेळगावात निघाली. हल्ली सगळ्यांना सगळ्यांचे फोटो उतरवायची घाई झालीय.

रिटायर_मास्तर:
अहो, घाई कुठंय? ते विचारतायत नुसतं.
अथणीकर, आपल्या बेळगावच्या गंगाधरराव देशपांड्यांकडे बघा. कट्टर टिळकभक्त. टिळकांच्या पश्चात गांधींचे झाले, आणि असे झाले की १९२४ चं काँग्रेस अधिवेशन बेळगावला भरवलं. गांधी अध्यक्ष असलेलं ते एकमेव. त्यासाठी खणलेली विहीर टिळकवाडीत अजून आहे. वाडी टिळकांच्या नावाची, विहीर गांधींच्या काँग्रेसची! (टिळकवाडीकर, रोज तिथूनच जात असाल.) पुढं गंगाधररावांनी बेळगावजवळच्या हुदली गावात खादी उभी केली. आणि गांधी तरी कुठं एका जागी थांबले? आधी जातीबाहेरच्या लग्नांना त्यांचा विरोध, आणि १९४६ पर्यंत वधूवरांत एक जण हरिजन असेल तरच आशीर्वाद. १९३३ ला त्यांनी लिहूनच ठेवलं, की माझ्या दोन लिखाणांत मेळ बसला नाही तर नंतरचं धरा. तोच नियम टिळकांना लावा. अथणीनंतर चारेक महिन्यांनी, मार्च १९१८ मध्ये, मुंबईच्या अस्पृश्यता निवारण परिषदेत ते म्हणाले, देव अस्पृश्यता मानत असेल तर मी त्याला देव मानणार नाही.

निपाणीवाला:
मास्तर, पुढचं पण सांगा की. त्याच परिषदेत जाहीरनामा निघाला, आपण स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही म्हणून. त्यावर टिळकांची सही नाही. परिषदेमागचे विठ्ठल रामजी शिंदे मूळ जमखंडीचे, म्हणजे आपल्याच बाजूचे. त्यांचा फोटो कुणाच्या सोप्यात बघितलाय?
आमच्यात शाहू महाराज. १९०२ ला सरकारी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्यांना ठेवणारा राजा शेजारी कोल्हापुरात होता. १९२५ ला बाबासाहेब परिषदेला निपाणीला आले. आम्हाला मत फिरवायची पाळीच आली नाही, कारण तुमच्या फोटोकडे आम्ही कधी गेलोच नाही.

अथणीचा_ऊसवाला:
नंतरचं धरायचं हे पटतंय मास्तर. पण कुठलं नंतरचं? बोललेलं वाक्य, की न केलेली सही? दोन्ही एकाच परिषदेतलं.
फोटो राहू दे, तो आजोबांचा आहे. मंडळाला कळवलंय, टिळकांवर यंदा दुसरा कोण तरी बघा, मी शिंद्यांवर बोलतो. अध्यक्ष म्हणाले, ‘कुठले शिंदे?’ जमखंडीचे म्हटल्यावर वर्गणी कधी देणार तेवढं विचारून फोन ठेवला.