मदत हवी आहे: वडिलांना झालेला सीजेडी आम्हा मुलांकडे येऊ शकतो का?

नमस्कार.

माझ्या वडिलांचे गेल्या श्रावणात वयाच्या ६३व्या वर्षी क्रॉइट्झफेल्ड-याकोब, म्हणजे सीजेडी, या मेंदूच्या आजाराने निधन झाले. आधी त्यांना रोजच्या बाजाराचा रस्ता आठवेना, मग तोल जाऊ लागला, पुढे जागेपणीही अंग दचकू लागले, आणि पहिल्या लक्षणापासून साडेचार महिन्यांत सारे संपले. एमआरआयमध्ये मेंदूच्या बाहेरच्या थरावर पांढऱ्या फितीसारखी कड दिसत होती, ईईजीत ठरावीक अंतराने टोकदार लहरी येत होत्या आणि पाठीतून काढलेल्या पाण्याची आरटी-क्विक तपासणी पॉझिटिव्ह आली, त्यामुळे निदानाबद्दल आमच्या मनात शंका नाही. डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘स्पोरॅडिक’, म्हणजे आपोआप उद्भवलेला, असे लिहिले आहे, आणि माझा प्रश्न त्या एका शब्दाबद्दल आहे.

माझ्या वाचनानुसार दर दहा लाख लोकांमागे वर्षाला एक किंवा दोघांना हा आजार होतो. त्यांतले सुमारे ८५ टक्के रुग्ण स्पोरॅडिक असतात, १० ते १५ टक्के रुग्णांत पीआरएनपी या जनुकातला दोष सापडतो, आणि बाहेरून संसर्ग झालेले एक टक्काही नसतात. वरच्या तिन्ही तपासण्या आजार सीजेडी आहे एवढेच सांगतात. तो आपोआप झाला की जनुकातून आला, हे त्यांवरून ठरत नाही. बाबांची जनुक चाचणी कोणी सुचवली नाही आणि त्या धावपळीत आम्हालाही ते सुचले नाही. मग ‘स्पोरॅडिक’ हा शब्द केवळ ‘घरात आधी कोणाला नव्हते’ या आमच्याच उत्तरावरून लिहिला गेला असावा, असे मला वाटते.

ते उत्तर कितपत खरे होते, हे आता मला कळेनासे झाले आहे. बाबांची आई ५४व्या वर्षी भ्रमिष्ट होऊन वर्षाच्या आत गेली. तेव्हा गावात बाहेरची बाधा म्हणून सांगितले गेले, अंगारे-धुपारे झाले, पण दवाखान्याचा एकही कागद नाही. आत्याला विचारले तर ती विषय बदलते. दुसरीकडे काका ठामपणे सांगतात, की बाबा दर रविवारी बोकडाचा भेजा खात असत, त्यानेच हे झाले.

मला ३६ वर्षे झाली असून एक मुलगी आहे. धाकट्या भावाचे लग्न मार्गशीर्षात ठरले आहे. मी चाचणी करून घ्यावी असे मला वाटते. भावाला काहीही कळून घ्यायचे नाही, आणि त्याचे म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हणू शकत नाही. बाबा हयात नसताना माझ्या एकटीच्या चाचणीला काही अर्थ आहे का? आणि तिच्यातून भावाबद्दलही काही उघड होईल का?

प्रतिसाद १

ताई, आपल्या दुःखात सहभागी आहे. मी जनुकीय समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करतो, तरीही हे प्रत्यक्ष भेटीतल्या सल्ल्याऐवजी धरू नये.

प्रथम भेज्याविषयी. इस्राएलमधील लिबियन ज्यू समाजात सीजेडीचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आढळले, तेव्हा ते लोक मेंढीचा मेंदू आणि डोळे खातात म्हणूनच असे होते, असा तर्क केला गेला होता. पुढे त्या कुटुंबांत पीआरएनपी जनुकातला ई२००के हा बदल सापडला आणि तो तर्क मागे पडला. ब्रिटनमध्ये गोमांसातून पसरलेला आजार हा सीजेडीचा वेगळा प्रकार आहे आणि तो प्रामुख्याने तरुणांत दिसला. काकांचे समाधान होणार नाही, पण रविवारच्या जेवणावर ठपका ठेवण्यास आधार नाही.

आता मुख्य प्रश्न. बाबांना जनुकातून आजार आला असेल, तर प्रत्येक अपत्याकडे तो दोष येण्याची शक्यता ५० टक्के असते, मुलगा असो वा मुलगी. आपली चाचणी निर्दोष आली, तर हा दोष आपल्याकडे आणि म्हणून आपल्या मुलीकडेही आलेला नाही, हे कळेल. भावाबद्दल मात्र निश्चित असे काही कळणार नाही. दोष सापडला, तर तो बाबांकडून आला असे जवळजवळ ठरते आणि भावाची शक्यता, त्याने न विचारता, ५० टक्क्यांवर जाते. म्हणजे आपल्या बाबतीत चांगली बातमी आपल्यापुरती राहते आणि वाईट बातमी दोघांची होते. शिवाय दोष असला तरी आजार केव्हा होईल हे चाचणी सांगत नाही, आणि काही दोषांत तो आयुष्यभर होतही नाही. त्यामुळेच ‘घरात आधी कोणाला नव्हते’ यावरून फारसे सिद्ध होत नाही.

सर्वांत आधी पाहावे, ते बाबांचा एखादा नमुना कोठे शिल्लक आहे का. त्यात दोष नसला, तर आपण दोघेही या चिंतेतून सुटता. पाठीतल्या पाण्यात डीएनए फारच कमी मिळतो; पण साठवलेले रक्त, किंवा जुन्या शस्त्रक्रियेनंतर पॅथॉलॉजी लॅबने मेणात बसवून ठेवलेला अवयवाचा तुकडा, म्हणजे ‘ब्लॉक’, उपयोगी पडू शकतो. डीएनए जीर्ण झालेला असण्याची शक्यता लॅबला आधीच विचारावी.

अमेरिकेतील सोनिया वल्लभ यांचे उदाहरण आपण वाचले असेल. त्यांच्या आईचे २०१० साली आनुवंशिक प्रिऑन आजाराने (सीजेडी याच गटात मोडतो) निधन झाले, पुढच्या वर्षी स्वतःच्या चाचणीतही तोच दोष सापडला, आणि वकिली सोडून त्या व त्यांचे पती एरिक मिनिकेल याच आजाराच्या संशोधनात उतरले. त्यांनी जाणून घेणे निवडले म्हणून आपल्या भावानेही निवडावे, असे मात्र मी म्हणणार नाही.

धागाकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. ‘चांगली बातमी आपल्यापुरती आणि वाईट बातमी दोघांची’ हे वाक्य मी भावाला वाचून दाखवले. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, की बाबांचा नमुना मिळत असेल तर त्या नमुन्याच्या चाचणीला त्याची हरकत नाही, कारण तिथे निदान चिंता मिटण्याची वाट आहे. त्यात दोष निघाला तर निकाल त्याला सांगायचा की नाही, हे आम्ही अजून ठरवलेले नाही. लपवून ठेवणे मला जमणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वी बाबांचे पित्ताशय काढले होते आणि ते तपासणीला पाठवल्याची पावती आईने फाइलमध्ये जपून ठेवली आहे. ब्लॉक अजून आहे का, हे विचारायला सोमवारी त्या लॅबमध्ये जाते. वारसाने अर्ज करताना मृत्यूच्या दाखल्याखेरीज आणखी कोणते कागद लागतात, हे कोणाला अनुभवाने सांगता आले तर कृपया येथे लिहावे.