३० वर्षं बंद असलेली १९६८ची डॉज चार्जर आर/टी: घेण्याआधी काय तपासावं?

प्रश्न: चार्जरची ही जास्त ताकदीची आर/टी आवृत्ती अमेरिकेत ओहायोत विक्रीला आहे. ४४० मॅग्नम इंजिन, शेडमध्ये उभी. विकणारा म्हणतो, बॅटरी लावली की सुरू होईल. काय काय बघू?

उत्तर १: बॅटरी अजिबात लावू देऊ नका! कोरड्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या गंजलेल्या रिंगा भिंती ओरबाडतात. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ तेल सोडा, दोन दिवस थांबा, मग क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) बोल्टला लांब पाना लावून हातानेच फिरवा. अडली तर जोर करू नका. फिरली तर डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) आणि त्याखालचा शाफ्ट काढून, तेलाचा पंप फिरवायला ५/१६ इंची षटकोनी दांड्याने ड्रिल उलट्या दिशेने चालवा, गेजवर तेलाचा दाब दिसेपर्यंत. पेट्रोल वेगळ्या डब्यातून द्या. जुन्या टाकीतला चिकट गाळ थेट कार्ब्युरेटरमध्ये जातो.

उत्तर २: इंजिन दुरुस्त होतं, खरा खर्च गंजाचा. या गाडीला वेगळी चॅसी नाही, सगळा भार बॉडीच्या पत्र्यावरच. मागच्या लीफ स्प्रिंगचे (पाट्यांचे) पुढचे हँगर आणि पुढच्या सस्पेन्शनच्या टॉर्शन बारचा आडवा मेंबर स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. व्हिनाइलचं छत असेल तर मागच्या काचेखाली बोट दाबा, पत्रा कुरकुरला की समजा, आतून गंजलाय.

उत्तर ३: डॅशबोर्डवरचा व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) एक्सएस२९एल८ने सुरू व्हायला हवा. एक्सपी२९ असेल तर ती मुळात साधी चार्जर, आर/टीचे बिल्ले नंतरचे. टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) नंबरही जुळवा. आणि ब्रेकचे होज बदलल्याशिवाय चालवून बघू नका, आतून फुगलेले असतात.