पाण्यात गेलेल्या गावावर पीएचडी: कुठल्या विभागात जाऊ?

भीमाकाठची:
माझं भूगोलात एमए झालंय. आमचं जुनं गाव इंदापूर तालुक्यातलं, पळसदेवजवळचं. उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि गाव भीमेच्या फुगवट्याखाली गेलं. एका मे महिन्यात पाणी फार खाली उतरलं, पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं, तेव्हा आजीला घेऊन गेले होते. भेगाळलेल्या गाळातून काठी टेकत ती थेट एका जोत्यापाशी थांबली. "हितं उंबरा व्हता. ह्या अंगाला पेव. पाय संबाळ." पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, गाळानं कधीच बुजलंय. तरी ती त्याला वळसा घालून गेली, आणि मागून मीही.

मला त्या वळशावर काम करायचंय. भूगोलात सांगितलं, आठवणी नकोत, नकाशा आणा. समाजशास्त्रात म्हणाले, विस्थापितांचं सर्वेक्षण करा. मराठीत विचारलं, साहित्यकृती कोणती घेणार? सुरुवात कुठून करू?

टोपोशीट:
भूगोल सोडू नका. नुसत्या अवकाशाशी, म्हणजे कुठल्याही जागेशी, ओळख होत गेली, त्याला मोल आलं की त्याचं ठिकाण होतं, हे १९७७ मध्ये मांडणारे यी-फू तुआन भूगोलाचेच प्राध्यापक होते. धरणाआधीच्या टोपोशीट, म्हणजे चढउतार, वाटा, वस्त्या दाखवणारे सरकारी नकाशे, आणि भूमी अभिलेखातला जुन्या गावठाणाचा नकाशा आधी मिळवा. पेव त्यात सापडणार नाही, पण जोतं कुठे बसतं ते कळेल.

पोथीवाचक:
मी बरीच वर्षं महानुभाव वाङ्मय शिकवलं, म्हणून सांगतो: स्थानपोथी वाचा. चक्रधरस्वामी कुठे बसले, कुठे राहिले, याची ही १४व्या शतकातली नोंद. देवळाचं दार कुठल्या दिशेला, आसन कुठल्या कोपऱ्यात, इतकी बारकाईनं. शब्दही नेमके. बसले ते आसन, रात्र काढली ती वसती, बरेच दिवस राहिले ते अवस्थान. धर्माच्या अभ्यासक अ‍ॅन फेल्डहाउस हे वाङ्मय वाचून थांबल्या नाहीत, महाराष्ट्रातल्या नद्या आणि यात्राही हिंडल्या. विभागाच्या भिंती अशाच ओलांडाव्या लागतात.

एक आवर्जून. पोथीत पूर्व-पश्चिम आहे. आजी 'ह्या अंगाला' म्हणाल्या. अंग म्हणजे बाजू आणि अंग म्हणजे देहही. प्रबंधात त्याचं 'या दिशेस' करू नका, तुमचा विषयच त्या शब्दात आहे.

रानवाट:
मानववंशशास्त्राचा दरवाजाही ठोठावा. मानववंशशास्त्रज्ञ किथ बॅसो अमेरिकेत अ‍ॅरिझोनात सिबेक्यू गावच्या अपाची या मूलनिवासी लोकांत काम करत होते. टोळीच्या अध्यक्षांनी त्यांना सुचवलं की गोऱ्यांचे नकाशे पुष्कळ झाले, आता आमच्या जागांचे, आमच्या नावांचे करा. मग ते अपाची जाणत्यांबरोबर हिंडून एकेका जागेचं नाव आणि त्यामागची गोष्ट टिपत गेले. तुम्हीही आजींना नकाशा दाखवू नका, त्यांच्याकडून काढून घ्या.

भीमाकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री आजीला फोनवर विचारलं, पेवाच्या पुढं काय होतं? तिथून पाणवठ्यापर्यंतची अकरा घरं तिनं नावानिशी सांगितली आणि बाराव्याला अडली. त्या घरची सून आता भिगवणला असते. रविवारी दोघींना एकत्र बसवते, कोरा कागद घेऊन.