नर्सिंग असिस्टंटवरून एएनएम: नोकरी सांभाळून जमतं का?

जालना_रात्रपाळी
मी जालन्यात एका खासगी दवाखान्यात नर्सिंग असिस्टंट आहे, सहा वर्षं झाली. वय 31, शिक्षण दहावी, त्यावर सहा महिन्यांचा जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स. आता एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) करून रजिस्टर्ड नर्स व्हायचंय, पण पगार बंद करणं परवडत नाही. एक जण म्हणतो, "कॉलेजला यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या, एएनएमचं सर्टिफिकेट मिळेल." हे खरं असतं का? सहा वर्षांच्या अनुभवाची काही सूट मिळते का?

परभणीकर_सिस्टर
ताई, त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. एएनएम आणि जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) घरबसल्या होत नाहीत, पत्राद्वारेही नाहीत. वॉर्डातले तास भरल्याशिवाय सर्टिफिकेट नाही आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी झाल्याशिवाय त्या कागदाला नर्स म्हणून किंमत नाही. तुमचा सहा महिन्यांचा कोर्स असिस्टंटच्या कामापुरता ठीक आहे, पण त्यावर कौन्सिलची नोंदणी होत नाही. अनुभवाचीही सूट नाही. तो वॉर्डात उभं राहिल्यावर उपयोगी पडतो, प्रवेशाच्या फॉर्मवर नाही.

एएनएमला बारावी पास लागते, आर्ट्स चालतं, वय 17 ते 35. कोर्स दोन वर्षांचा, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. म्हणजे तुम्हाला आधी बारावी करायची आहे, आणि वय बघता त्यात एकही वर्ष वाया घालवू नका.

बारावी 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते. दहावी होऊन दोन वर्षं झालेली असावी लागतात, ती अट तुमची कधीच पूर्ण झाली. जालना, बीड, परभणी, हिंगोली हे छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळात येतात. लातूर, नांदेड, धाराशिवचं मंडळ लातूरला. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो कुठल्या जुन्या मालकाकडे अडकून पडला असेल तर आजच सोडवून आणा, बहुतेकींचं वर्ष तिथंच जातं. दुसरी चूक भाषेच्या तोंडी परीक्षेची. लेखी 80 आणि तोंडी 20 गुणांची असते. संपर्क केंद्राच्या, म्हणजे बाहेरून बसणाऱ्यांसाठी नेमलेल्या कॉलेजनं दिलेल्या तारखेला गेलं नाही की 20 गुण हातचे गेले.

मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी परीक्षेला बारावी समजून बसू नका. ती तिथल्या पदवीच्या प्रवेशासाठी आहे, नर्सिंगला चालत नाही.

नांदेड_वॉर्ड12
नोकरीबद्दल स्पष्ट सांगतो. नोकरी आणि बारावी एकत्र जमतं. नोकरी आणि एएनएम, दोन्ही पूर्णवेळ, जमत नाही.

वर्ग आणि वॉर्ड मिळून आठवड्याला साधारण 40 तास जातात. पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातली शिकाऊ ड्युटी, कधी सकाळी, कधी दुपारी, प्रसूती विभागात रात्रीही लागते. रात्री 8 ते सकाळी 8 ड्युटी करून 9 ला वर्गात बसलेली मुलगी आठवडाभर टिकते, मग पोस्टिंग बुडायला लागतं. बुडालेलं पोस्टिंग माफ होत नाही. सर्टिफिकेटच्या आधी वॉर्डाचे तास 100 टक्के भरावे लागतात, म्हणजे सुट्टीत भरा किंवा कोर्स लांबवा.

म्हणून बारावीच्या वर्षात पूर्ण ड्युटी करा, जमेल तितके पैसे बाजूला टाका. एएनएमची दोन वर्षं मालकाकडून आठवड्याला फक्त शनिवारची रात्र आणि रविवार एवढीच ड्युटी मागा. तोंडी नको, कागदावर घ्या, नाहीतर दिवाळीत स्टाफ कमी पडला की पहिला फोन तुम्हालाच येतो. हॉस्टेल सक्तीचं आहे का, ते फी भरायच्या आधी विचारा. सक्तीचं असेल तर हेही गणित बसत नाही.

फीसाठी जातीचा दाखला, जात वैधता, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं आत्तापासून तयार ठेवा. अनुसूचित जातीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीला उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. मात्र संस्थेचं आणि कोर्सचं नाव महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर दिसलं पाहिजे.

जालना_रात्रपाळी
दाखला दवाखान्यातच जमा आहे, उद्याच मागते. संस्था खरी आहे की नाही, कसं ओळखायचं?

परभणीकर_सिस्टर
भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्रावर जाऊ नका. भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल यांच्या संकेतस्थळांवर याद्या असतात. त्यात संस्थेचं नाव, कोर्स, *चालू वर्ष* आणि जागा, चारही जुळले पाहिजेत. जीएनएमची मान्यता आहे म्हणून एएनएमचीही आहे असं नसतं. मग विचारा, बाळंतपणाचं पोस्टिंग कोणत्या रुग्णालयात आणि तिथं महिन्याला किती बाळंतपणं होतात. उत्तर गोलमोल आलं तर उठून या.

अंबाजोगाई_ट्यूटर
बारावीच्या वर्षात ड्युटीवरच एएनएमची तयारी होते. बीपी घेताना कफ (दंडाला बांधायचा पट्टा) ब्लाउजच्या बाहीवर बांधायची सवय असेल तर मोडा. दंड उघडा हवा, कफची खालची कड कोपराच्या घडीपासून 2 ते 3 सेंटिमीटर वर, हात हृदयाच्या पातळीवर. आकडा जवळच्या 0 किंवा 5 वर नेऊन लिहू नका, दिसला तो लिहा.

सलाईनचं गणित रोज करा. साध्या सेटला (सलाईनच्या नळीला) बहुधा 1 मिलीत 20 थेंब असतात, पण पाकिटावर छापलेला आकडा वाचा, बारीक थेंबांच्या मायक्रो सेटला 60 असतात. 500 मिली 8 तासांत द्यायचं तर 500 गुणिले 20 म्हणजे 10,000 थेंब, भागिले 480 मिनिटं, म्हणजे मिनिटाला 21. घड्याळ थेंब पडतात त्या चेंबरच्या शेजारी धरून पूर्ण एक मिनिट मोजा. रुग्णानं हात वाकवला की वेग बदलतो, म्हणून पंधरा मिनिटांनी परत मोजा. हिशेब तुमचा, सलाईन लावणं-बदलणं मात्र सिस्टरचंच काम. नोंदणीच्या आधी "तूच टोच इंजेक्शन" असं कुणी म्हटलं तरी नाही म्हणा, काही झालं तर तुमच्या बाजूनं एकही कागद नसतो.

हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली नसेल तर लगेच सुरू करा. 0, 1 आणि 6 महिने असे तीन डोस असतात, पोस्टिंगच्या आधी पूर्ण हवेत.

हिंगोली_वॉर्डबॉय
पुरुषांना एएनएम आहे का?

अंबाजोगाई_ट्यूटर
नाही, ते फक्त महिलांना. तुम्ही थेट जीएनएम बघा, तीन वर्षांचं. त्याला बारावीत इंग्रजी आणि एकूण 40 टक्के लागतात, नुसते पासापुरते 35 पुरत नाहीत. जालन्याच्या ताईंनीही 40 च्या वरच राहावं. एएनएमनंतर जीएनएम करायचं ठरलं तर वयाची वरची अट नाही, पण वर्षही कमी होत नाही, तीनच्या तीन वर्षं करावी लागतात. थेट बीएस्सी नर्सिंगला मात्र सायन्स लागतं. आर्ट्सवाल्यांना जीएनएम करून पुढं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं.