मदत हवी आहे: औषध कंपनीत इंटर्नशिप, मुंबईत दीड महिना राहायचं कुठे?

द्राक्षवाली (२२ एप्रिल)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी तासगावजवळची. बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सहावं सेमिस्टर संपल्यावर आणि सातवं सुरू व्हायच्या आत चार आठवड्यांत किमान १५० तास ट्रेनिंग करून सर्टिफिकेट कॉलेजात द्यावं लागतं. वर्गातले निम्मे जण कुणाच्या तरी मामाच्या मेडिकलमधून सही-शिक्का आणतात. माझेही एक चुलते मेडिकलवाले आहेत, त्यांनी न विचारताच "ये गं, देतो" म्हणून सांगून टाकलंय. पण मला लॅब बघायची आहे. कॉलेजात एचपीएलसीचं (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं) एकच मशीन, तेही लांबून दाखवतात. सरांच्या ओळखीने एका कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात, सहा आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली. स्टायपेंड नाही, दुपारचं जेवण कॅन्टीनला.

अडचण राहण्याची. पत्रावर पत्ता अंधेरी पूर्वेचा आहे. तिथे एका पीजीत तिघींच्या खोलीत कॉट मिळतेय. महिना नऊ हजार, दोन महिन्यांचं डिपॉझिट वेगळं. त्या बाई म्हणतात, उद्या संध्याकाळपर्यंत पैसे टाका, नाहीतर कॉट दुसरीला देईन. अण्णा (वडील) द्राक्षबागेच्या खरडछाटणीत अडकलेत, त्यांना येता येणार नाही. आईचं एकच, "तिथं आपलं कोण आहे?" एक आत्या मुलुंडला आहे, पण वन रूम किचनमध्ये पाच माणसं, त्यात मी सहावी कुठे जाऊ? मी मुंबई एकदाच पाहिलीय, सहावीच्या सहलीत. गेटवे आणि राणीची बाग, बस्स.

पैसे टाकू का? आणि पहिल्या दिवशी अब्रू जाऊ नये म्हणून काय वाचून जाऊ?

फलाटदादा

थांब. एक रुपया टाकू नकोस.

पत्रावरचा पत्ता हेड ऑफिसचा असणार. औषध कंपन्यांची ऑफिसं अंधेरी, गोरेगाव, सांताक्रूझ, वरळीला. गोळ्या बनतात आणि तपासल्या जातात त्या जागा बहुतेक शहराबाहेर: रबाळे-महापे, अंबरनाथ, बोईसर-तारापूर, पाताळगंगा. माझ्या पुतण्याने असंच लेटरहेड बघून पार्ल्यात खोली घेतली आणि हजर व्हायचं निघालं बोईसरला. विरारच्याही पुढे! एचआरला आजच मेल टाक. कुठल्या गेटला यायचं, किती वाजता, कंपनीची बस मिळते का. उत्तर लेखी घे. फोनवरच्या "हो हो, मुंबईच" ला अर्थ नाही.

उगीच_कशाला

मुळात जायचंच कशाला? स्टायपेंड नाही, वर राहण्याखाण्याचे वीसेक हजार घालवायचे. चुलत्यांच्या दुकानात कर की. मेडिकल दुकानही नियमात बसतं.

निवृत्त अ‍ॅनालिस्ट

बसतं ना. १५० तास काउंटरमागे उभं राहिलं, प्रिस्क्रिप्शनं वाचली, स्टॉक आणि एक्सपायरी बघितली तर उत्तम ट्रेनिंग आहे ते. या मुलीला न उभं राहता सही मिळतेय आणि ती नको म्हणतेय, तर तिला मागे का ओढायचं?

मुली, तुला तू म्हणतो, माझी नात तुझ्याएवढी आहे. तीस वर्षं क्यूसीत काढली, त्यावर सांगतो. वाचून येण्यासारखं फार नाही. पॅरासिटामॉल किती आहे ते त्याने किती प्रकाश शोषला त्यावरून मोजतात. त्याचे आकडे, २५७ नॅनोमीटर तरंगलांबी आणि ७१५, हे तुम्हाला झोपेतही पाठ असतं. पण ७१५ म्हणजे काय असं विचारलं की सगळे पंख्याकडे बघतात. एक टक्का द्रावण एक सेंटिमीटरच्या सेलमध्ये धरलं तर त्याचं शोषण ७१५ येईल, असा तो हिशोब. एवढं एक जरी समजून आलीस तरी पुष्कळ.

पहिला आठवडा मशीनला हात लावू देणार नाहीत. एसओपी, म्हणजे प्रत्येक कामाची लेखी ठरलेली पद्धत, वाचायला बसवतील. मग बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) कर, पीएच बघ, मोबाइल फेज (एचपीएलसीतून वाहतं ते द्रावण) ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळ, सोनिकेटरमध्ये ठेव. हमाली वाटते, पण सगळी गंमत तिथेच आहे. आमच्याकडे एका नव्या पोराने घरी जायच्या घाईत फॉस्फेट बफर भरलेल्या कॉलममध्ये (एचपीएलसीची घटक वेगळे करणारी नळी) सरळ अ‍ॅसिटोनायट्राइल सोडलं. मध्ये पाण्याने धुवायचं विसरला. आत क्षार बसला, प्रेशर चढत गेलं, कॉलम कामातून गेला. साहेब ओरडले नाहीत, त्याला फक्त त्या कॉलमची किंमत सांगितली. पोरगं दोन दिवस जेवलं नाही.

नेलपेंट, बांगड्या, अत्तर घरी ठेवून ये. वहीत कसं लिहायचं ते मी सांगत नाही, तिथे कुणीतरी सांगेलच, जरा मोठ्या आवाजात.

अवांतर: फलाटदादा म्हणतात ते खरं, कारखाने बाहेर गेले. पण या धंद्याची मुंबईशी ओळख जुनी. १८९७ च्या जानेवारीत, प्लेगच्या साथीत, हाफकिन या शास्त्रज्ञाने भायखळ्याला प्लेगची लस बनवली आणि पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळला गेली, ती संस्था अजून तिथेच आहे. सिप्लाही १९३५ मध्ये मुंबईतच निघाली. एखाद्या रविवारी परळला चक्कर मार.

द्राक्षवाली

सगळ्यांचे आभार. एचआरचं उत्तर आलं. रबाळे एमआयडीसी, सकाळी ९ ला, बस फक्त कायम कर्मचाऱ्यांना. पीजीच्या बाईंना नाही कळवलं, त्या जरा फणकारल्या. रबाळे मुंबईत येतं का?

फलाटदादा

नवी मुंबई. अंधेरीला राहिली असतीस तर मेट्रोने घाटकोपर, तिथून लोकलने ठाणे, ठाण्याला पूल चढून ट्रान्स-हार्बर (ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी लोकल), मग दिघा गाव, ऐरोली, रबाळे. वर स्टेशनपासून रिक्षा. रोज जाऊन येऊन चार तास गेले असते आणि दुसऱ्या आठवड्यात तू बफर ढवळता ढवळता झोपली असतीस.

मुलुंडची मंजिरी

ऐरोली किंवा घणसोली सगळ्यात जवळ, तिथे पीजी भरपूर. पण माझं ऐकशील तर मुलुंड पूर्व बघ. पुढचंच स्टेशन ठाणे, आणि सकाळी गाडी गर्दीच्या उलट दिशेला जाते, त्यामुळे डब्यात शिरता तरी येतं. आत्याकडे राहू नकोस, आत्याजवळ राहा. रविवारी जेवायला जाशील, आईच्याही जिवाला घोर नाही.

दीड महिन्याला दोन महिन्यांचं डिपॉझिट देऊ नकोस. जागा बघितल्याशिवाय तर अजिबात नाही. देशील तेव्हा परत कधी मिळणार ती तारीख पावतीवर लिहून घे. आमच्या सोसायटीत एक आजी एकट्या असतात, दोन मुली ठेवतात. अट एकच, रात्री साडेनऊनंतर बेल वाजवायची नाही. चालणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

अभ्यासू_ओंकार

धाग्यावर आलोच आहे तर: कॉलेजच्या ग्रुपवर "जीएमपी सर्टिफिकेटसह इंटर्नशिप, फी सहा हजार" असे मेसेज फिरतात (जीएमपी म्हणजे औषधनिर्मितीचे चांगल्या पद्धतीचे नियम). मी भरलेत. तीन ऑनलाइन लेक्चरं आणि एक पीडीएफ. कंपनीचं दारसुद्धा दिसलं नाही.

द्राक्षवाली (१७ जून)

धागा वर काढतेय. मंजिरीताईंनी सांगितलेल्या आजींकडेच राहतेय. सांगलीहून महालक्ष्मी पकडून पहाटे दादरला उतरले, तिथून लोकल. आजी बेलच्या बाबतीत कडक, पण सकाळी माझ्या आधी उठून चहा ठेवतात आणि "गाडी गेली बघ तुझी" म्हणून मला पळवतात. आत्याकडे दोन रविवार झाले. गेल्या आठवड्यात पावसात ट्रान्स-हार्बर बंद पडली, दीड तास ठाण्याच्या पुलावर उभी होते. छत्री घेतली होती, उपयोग शून्य.

निवृत्त काकांचं भाकीत खरं ठरलं. पाचव्या दिवशी एक पावडर तोलून आकडा लिहिताना शेवटी ८ च्या जागी ३ पडला. मी सवयीने त्या ३ चाच ८ केला. मॅडमनी वही हातात घेतली आणि अख्ख्या लॅबला ऐकू जाईल असं विचारलं, "हे कोणी गिरवलंय?" मग शिकवलं. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, का चुकलं ते. बॅलन्सची छापील चिठ्ठी सोबत चिकटवायची. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही, हातावर लिहून आणलेलं तर नाहीच.

रात्री अण्णांना फोनवर सांगितलं, तर ते हसायलाच लागले. आमच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत भिंतीवर कितीतरी हंगामांच्या फवारण्या लिहिल्यात. तारीख, औषध, लिटरला किती, जीएचा (द्राक्षमणी वाढवणारं संजीवक) पीपीएम किती. चुकलं की अण्णा आडवी रेघ मारतात आणि खाली नवीन लिहितात. आईने दोनदा चुना लावायला काढला, दोन्हीदा भांडण झालं. मी लहानपणापासून ती भिंत बघतेय आणि मॅडमपुढे मान खाली घालून उभी!

आता डिसोल्यूशनला, म्हणजे गोळी किती वेळात किती विरघळते ते बघायला, बसवलंय. सहा भांडी, ३७ अंश, ठरल्या मिनिटाला सॅम्पल काढायचं. पहिल्यांदा हात थरथरला, आता नाही. मॅडम हल्ली माझ्या वहीवर न बोलता सही करतात.

एक नवीन प्रश्न. कॉलेजला रिपोर्ट द्यायचाय. त्यात इथले क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीने काढलेले आलेख) लावले तर चालतील का? मोबाइलवर फोटो काढता येत नाही, गेटवरच जमा करतात. पण मॅडम प्रिंट देतील असं वाटतं.

निवृत्त अ‍ॅनालिस्ट

न विचारता काहीही बाहेर नेऊ नकोस, प्रिंटसुद्धा नाही. प्रॉडक्टचं नाव आणि बॅच नंबर तर नकोच. रिपोर्टचा कच्चा मसुदा आधी मॅडमना दाखव, त्या नको म्हणतील ते काढून टाक. पद्धत फार्माकोपियातली (औषधांच्या अधिकृत मानकांचा ग्रंथ) लिही, ती सगळ्यांसाठी खुली आहे. आणि सर्टिफिकेटवर विभाग, तारखा आणि एकूण तास आहेत ना, ते निघायच्या आधीच बघून घे. नंतर दुरुस्तीसाठी तासगावहून फेऱ्या माराव्या लागतात.

द्राक्षवाली

बरं झालं विचारलं. उद्या मॅडमना मसुदा दाखवते. तासांचा हिशोब आजच बसून करते, गेटच्या रजिस्टरवरून.

उगीच_कशाला

त्या भिंतीचा फोटो टाक की.

द्राक्षवाली

अण्णांना विचारून टाकते.