पन्नाशीनंतर विरळ होणाऱ्या भुवया

प्रश्न : माझे वय ५४ आहे. गेली २५ वर्षे मी दर ३ आठवड्यांनी दोऱ्याने भुवया कोरून घेत आले. आता मात्र कानशिलाकडचे टोक इतके विरळ झाले आहे की आरशात भुवई अर्ध्यावरच संपल्यासारखी दिसते, आणि मधूनच एखादा पांढरा, तारेसारखा ताठ केस उभा राहतो. आकार कसा राखावा?

उत्तर १ : ताई, आकाराचे नंतर पाहू, आधी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा झडणे हे थायरॉइड मंदावल्याचे लक्षण असू शकते. माझे निदान उशिरा झाले, कारण मीही सगळे वयावर ढकलत राहिले.

उत्तर २ : मी पार्लर चालवते. किमान ३ महिने दोरा लावू नका, कारण वर्षानुवर्षे उपटलेले केस सावकाश येतात आणि काही तर येतच नाहीत. पुढे कोरताना पापणीवरची सैल झालेली त्वचा दोन बोटांनी ताणून धरायला सांगा, नाहीतर ती दोऱ्यात चिमटली जाते. ताठ पांढरा केस उपटू नका; भुवई वर विंचरून कडेबाहेर आलेले तेवढेच टोक लहान कात्रीने कापा.

उत्तर ३ : डोक्याच्या केसांचा रंग भुवयांना मुळीच लावू नका, तो डोळ्यांना घातक ठरू शकतो. काळ्याऐवजी करडी किंवा तपकिरी पेन्सिल घेऊन केसांसारख्या बारीक रेघा ओढा. एरंडेल तेलाने केस मऊ होतात, पण नवे उगवतात याला भक्कम पुरावा नाही.