पालकत्व घेतलेला विद्यार्थी फोनच उचलत नाही, काय करावं?

मुक्ता_ठाणे

मी ठाण्यातल्या एका संस्थेसाठी काम करते. परिस्थितीमुळे शिक्षण अडलेल्या मुलांना आम्ही दहावी-बारावीनंतर मदत करतो. पैसे देणगीदाराचे, आणि प्रत्येक मुलामागे एक कार्यकर्ता पालक. ती मी.

माझ्याकडचा मुलगा बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, एनटी-डी (भटक्या जमाती-ड) प्रवर्गातला. आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जातात. दहावीला ९१ टक्के, मराठी माध्यम. यंदा पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, कॉट बेसिसवर राहतो. सुरुवातीला दर रविवारी संध्याकाळी आमचं छान बोलणं व्हायचं. दिवाळीनंतर उत्तरं तुटक झाली, आणि आता फोन उचलणंच बंद. व्हॉट्सअॅपवर फक्त 'हो मॅडम', 'अभ्यास चालू आहे मॅडम'. पहिल्या सत्राची मार्कशीट मागितली तर निळ्या टिका दिसतात, उत्तर नाही.

संस्थेचा नियम असा की निकाल आल्याशिवाय पुढचा हप्ता सोडायचा नाही. देणगीदार काका निवृत्त आहेत, भला माणूस. ते दर आठवड्याला 'आपला मुलगा काय म्हणतो' म्हणून विचारतात. घरी नवरा म्हणतो, सोड, दुसऱ्या गरजू मुलाला दे.

कॉलेजला फोन करून हजेरी विचारू का? पुण्याला जाऊन धडकू? की काही दिवस गप्प बसू?

---

सडेतोड_सांगलीकर

ज्याला खरी गरज असते तो स्वतः मागे लागतो. हप्ता थांबवा, आठवड्यात फोन येतो की नाही बघा. लाड पुरे.

---

बालाघाटचा

सांगलीकर, फोन येईल, नक्की येईल. पण तो खोटं बोलायला येईल. हप्ता अडकला की पोरगं कुठूनतरी हजेरीचा कागद आणतं, 'निकाल लागायचाय' म्हणतं आणि वेळ मारून नेतं. तेवढंच हाती लागेल.

मुक्ताताई, मीही कोयत्यावरच्या, म्हणजे ऊसतोडीच्या घरातला. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहात राहून शिकलो. डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली सुरू केलेली संस्था, खेड्यातल्या पोरांना पुण्यात थारा देणारी. आता नोकरी सांभाळून आमच्या भागातल्या काही पोरांकडे बघतो. त्या अनुभवावर सांगतो, तुमच्या पोराला जगावेगळं काही झालेलं नाही.

पहिली गोष्ट, बहुतेक एम-वन गेलाय. इंजिनिअरिंगच्या गणिताचा पहिला पेपर. सत्राच्या मधली चाचणी झाली तेव्हाच त्याला कळलं असणार. दहावीला ९१ म्हणजे गावात चौकात फ्लेक्स लागलेला असतो, सरपंचासोबत फोटो असतो. तेच लेकरू वर्गात बसतं तेव्हा सर अर्धा तास इंग्रजीत बोलतात आणि शेजारची शहरातली पोरं माना डोलावतात. यालाही गणित येतं हो, प्रश्नातलं इंग्रजी लागत नाही. हात वर करून विचारावं तर वाक्य जुळत नाही. आमच्यातला एक जण तर सत्रभर शेवटच्या बाकावर बसून सरांचं वाक्य मनात मराठीत करायचा, तोवर फळा पुसलेला असायचा.

हे तो घरी कुणाला सांगणार? मायबाप कुठल्यातरी फडात, उसाच्या तोडीवर. पहाटे अंधारात तोड सुरू होते, गाडी भरून द्यायची, रात्री कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत आल्यावर माय फोन करते. ती एकच विचारते, जेवलास का? त्यावर 'हो' म्हणायचं असतं.

आता दुसरी गोष्ट, आणि हिच्याकडं जरा नीट बघा. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते. ती हंगामभर तोडून फेडायची. मधेच कुणी आजारी पडलं, कोयता म्हणजे तोडणारी जोडी बसून राहिली, की उसाचं टनेज भरत नाही आणि राहिलेली उचल पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते. अशा वेळी पोराच्या खात्यात मेसचे पैसे पडलेले असतील तर ते कुठं जातील असं वाटतं तुम्हाला? बापानं मागायचीही गरज नसते. आणि तुमची संस्था मेसची पावती मागत असेल (मागतेच, मला माहितीय) तर हे तुम्हाला सांगायचीही सोय उरत नाही.

ज्यानं आपल्याला उभं केलं त्याला वाईट बातमी द्यायला लई जड जातं. तुम्ही चांगल्या वागता म्हणूनच तो तुमचा फोन टाळतो. तुम्ही खेकसणाऱ्या असत्या तर एव्हाना सांगून मोकळा झाला असता.

तर कॉलेजला फोन अजिबात करू नका. भर वर्गातून त्याला बोलावून नेतील आणि राहिलेलंही बिघडेल. 'अभ्यास कसा चाललाय' हेही विचारू नका, त्याला 'चालू आहे' याशिवाय उत्तर नसतं. मेसचं विचारा. पुण्यात बहुतेक मेसना रविवारी संध्याकाळी सुट्टी असते. तुमचा फोन नेमका तेव्हाच जायचा, आणि तो वडापाववर रात्र काढत तुमच्याशी करिअरविषयी बोलत असणार. असं काहीतरी लिहा:

'मार्कशीट मला नको, सावकाश ऑफिसला पाठव. विषय राहिला असला तरी चालेल, तो पुढच्या परीक्षेला देता येतो. मी रविवारी पुण्यात आहे. संध्याकाळी तुझी मेस बंद असेल, आपण बाहेर जेवू. रूममेटलाही घेऊन ये.'

रूममेटला विसरू नका. खरं तोच सांगतो.

आणि एक, तुम्ही त्याला एम-वन शिकवू शकणार नाही, मीही नाही. आम्हाला वसतिगृहात लातूरकडचा एक सीनियर रात्री जेवणं झाल्यावर घेऊन बसायचा. दोन वर्षांनीच मोठा, तोही नापास होऊन वर आलेला. त्याच्यासमोर 'कळलं नाही' म्हणायला लाज वाटायची नाही. तुमच्या संस्थेचा तिसऱ्या वर्षाचा एखादा पोरगा पुण्यात असेलच, त्याची गाठ घालून द्या.

पुढं त्यालाही काहीतरी काम द्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात पोरांना फुकट ठेवलं नाही, राबायला लावलं. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेला कुणीही सांगेल. राबून शिकणारा मान वर करून बोलतो. आठवीच्या झेडपीच्या पोरांना एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घ्यायला सांगा त्याला, ऑनलाइन का होईना. त्या परीक्षेतून नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मराठीतून बुद्धिमत्ता चाचणी शिकवताना त्याला आठवेल की आपण हुशार आहोत.

---

हिशेबनीस_नाशिक

बालाघाटच्या दादांनी मनाचं सांगितलं, मी कागदाचं सांगते. आमच्याही संस्थेत मी हेच बघते.

मुलगा एनटी-डी आहे तर फीचं महाडीबीटीवर, सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर होत असेल. अडतं ते राहण्या-जेवणाचं. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नसेल तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेचा अर्ज भरलाय का विचारा. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये आहेत, भोजन, निवास, निर्वाह मिळून. इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या सहायक संचालकांच्या कार्यालयात चौकशी करा, उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा लागेल. आईवडील फडात असताना तो दाखला कोण काढणार, हाच दर वर्षीचा घोळ. दिवाळीपूर्वी, माणसं गावात असतानाच काढून ठेवायला सांगत जा.

बँक खातं आधारला जोडलेलं आहे का तेही बघा. खातं चालू असतं, एटीएम चालतं, पण आधार दुसऱ्याच खात्याशी जोडलेलं निघतं आणि पैसे तिकडे जातात.

सरकारी पैसे उशिरा येतात. म्हणून तर आपल्यासारख्या संस्था हव्यात, आणि आपणच निकालासाठी हप्ता अडवायचा?

---

मुक्ता_ठाणे

मेसेज जवळजवळ तसाच पाठवला. रात्री उशिरा उत्तर आलं. डिसेंबरपासून त्याचं मेसचं जेवण बंद आहे, वडिलांच्या पायावर कोयता लागला होता. दोन विषय राहिलेत. रूममेटला आणतो म्हणाला, तो चांगला आहे म्हणे.

देणगीदार काकांना फोन केला. ते म्हणाले, दोन विषय? मी स्वतः कॉलेजात इंटरच्या परीक्षेत गटांगळी खाल्ली होती, त्याला सांग.

हप्त्याच्या नियमाचं या महिन्याच्या बैठकीत मांडते. तोवर मेसवाल्याचे थकलेले पैसे मी परस्पर भरून टाकू का?

---

सडेतोड_सांगलीकर

पायाला टाके पडले का विचारा. आमच्याकडच्या कारखान्यावर असतील तर सांगा, तोड कुठल्या गावी चालूय ते कळवा, कुणीतरी जाऊन बघून येईल.

---

बालाघाटचा

ताई, परस्पर नको. त्याच्या खात्यात टाका आणि त्यालाच जाऊन द्यायला सांगा. मेसवाल्यासमोर रोज तोच ताट घेऊन उभा राहणार आहे.

बैठकीत निकालाऐवजी हजेरी मागा, आणि पावतीची अट पहिल्या वर्षापुरती काढा. सांगलीकर, तुम्हाला ते गाव व्यनि (खासगी निरोप) करतो, मुक्ताताईंनी पोराला विचारून दिलं की.